मेरिटमध्ये नाव, पडताळणीत बाद: सरकारी भरतीचा अर्ज नेमका कुठे फसतो

निकाल लागतो, यादीत नाव असतं, घरात पेढे वाटून होतात. मग कागदपत्र पडताळणीचं बोलावणं येतं आणि तिथल्या टेबलावर कळतं की अर्जात एक आहे आणि फाईलमध्ये दुसरंच. "तुमचा हा दावा अर्जात नाही," एवढं एक वाक्य ऐकून पोरगं बाहेर येतं. तालुक्याच्या गावात ऑनलाईन अर्ज भरून देण्याचं काम करताना दर भरतीनंतर ही तक्रार माझ्या टेबलासमोर येतेच. पद तलाठ्याचं असो, पोलीस शिपायाचं असो की जिल्हा परिषदेतलं, दुखणं तेच.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण अर्ज तर स्वीकारला होता ना? मेसेजसुद्धा आला होता."

आला होता. त्या मेसेजचा अर्थ इतकाच की लाल चांदणीचे रकाने रिकामे नाहीत आणि फी जमा झाली आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एवढे अर्ज भरतानाच्या टप्प्यावर कोण वाचणार? तुम्ही जे टाइप कराल ते संगणक मुकाट्याने घेतो. तुमचा अर्ज माणूस पहिल्यांदा वाचतो तो निवड यादीत नाव आल्यावर, म्हणजे कित्येक महिन्यांनी, आणि तेव्हा त्याच्या एका हातात तुमच्या अर्जाची प्रिंट असते, दुसऱ्या हातात मूळ कागद. दोन्ही जुळले तर पुढे, नाहीतर बाजूला. मधल्या काळात तुम्ही कितीही चांगला पेपर लिहिलेला असू दे.

म्हणून माझ्याकडे कोणी "जरा फॉर्म भरायचाय" म्हणत मोकळ्या हाताने आलं की मी आधी घरी पाठवतो. दहावीची सनद, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर (कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला), अधिवास, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, सगळं मूळ स्वरूपात टेबलावर हवं. मोबाईलमधले फोटो चालत नाहीत, कारण त्यात दाखल्याची मागची बाजू कधीच नसते आणि अटी बऱ्याचदा मागेच छापलेल्या असतात.

नाव जुळत नाही

ही सगळ्यात जास्त येणारी भानगड. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या सनदेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर क्रम उलटा: आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव. क्रमाचा फरक कोणी मनावर घेत नाही. खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. आपली नावं मुळात देवनागरीतली, रोमन लिपीत ज्याने त्याने आपापल्या कानाने उतरवलेली. ज्ञानेश्वर हे नाव बोर्डाच्या कागदावर डी-एन-वायने सुरू होतं आणि आधार काढणाऱ्या मुलाने तेच जी-वायने टाकलेलं असतं. वाघ कुठे व्हीने, कुठे डब्ल्यूने. चव्हाणचे तर मी निदान चार प्रकार पाहिलेत, एकाच घरात तीन.

उपाय एकच ठेवा. अर्जात नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. सनदेवर चूक असेल तर ती चूकसुद्धा तशीच. "बरोबर स्पेलिंग हे आहे" हा वाद अर्जाच्या खिडकीत घालू नका. तो बोर्डाशी घालायचा आणि दुरुस्ती हातात आल्यावरच नवं नाव वापरायचं. त्यानंतर आधार सनदेप्रमाणे करून घ्या. इथे सावध: आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावर बसलेल्या पोराच्या भरवशावर ती संधी घालवू नका. पावती हातात पडली की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा.

लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. शिक्षणाचे कागद माहेरच्या नावाने, आधार आणि रेशनकार्ड सासरच्या नावाने, जातीचा दाखला माहेरच्या नावाने (तो तसाच असतो, जात वडिलांकडून धरतात), आणि अर्ज भरायला आलेला नवरा म्हणतो सासरचंच टाका. मी सनदेवरचं नाव टाकतो आणि फॉर्ममध्ये "नावात बदल झाला आहे का" असा रकाना असेल तर तिथे होय करून नवं नाव देतो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. राजपत्र काढून ठेवलेलं बरं. विवाहाच्या दाखल्यावर बऱ्याच ठिकाणी काम भागतं, पण राजपत्र पुढे केलं की टेबलापलीकडचा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

जन्मतारखेबद्दल बोलण्यासारखं फार नाही. सनदेवर आहे ती. आई-आजीच्या आठवणीतली नाही.

दाव्याचे रकाने

माझ्या मते खरे बळी इथेच जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

फॉर्ममध्ये प्रवर्ग, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन कर्मचारी, अनाथ, दिव्यांग असे रकाने येतात. प्रत्येक रकान्यापुढचं "होय" म्हणजे एक दावा. दावा केला तर त्याचा कागद दाखवावा लागतो. केला नाही, तर कागद कपाटात असूनही लाभ मिळत नाही, आणि ही दुसरी गोष्ट लोकांना पटतच नाही. एका मुलीकडे खेळाडूचं प्रमाणपत्र होतं, राज्यस्तरावरचं, पण अर्ज भरताना "नंतर जोडू" म्हणून तिने नाही केलं. गुणांच्या यादीत तिच्या खालच्या मुली खेळाडूच्या जागेवर लागल्या. तक्रार कुठे करणार?

खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट. नुसतं स्पर्धेचं प्रमाणपत्र पुरत नाही. ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घेतलेलं लागतं, आणि हे जाहिरात आल्यावर धावत करायचं काम नव्हे. जाहिरातीची वाट न पाहता आजच प्रस्ताव टाका.

उलट बाजूही आहे. कागद नसताना "होय" करणारे. वडील फौजेत होते म्हणून पोरगं माजी सैनिकाच्या रकान्यात टिक करून येतं. तो रकाना स्वतः सेवा करून आलेल्यांसाठी असतो. युद्धात शहीद किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांसाठीची तरतूद वेगळी, ती जाहिरातीत शब्द न शब्द वाचूनच वापरायची. प्रकल्पग्रस्ताचंही तसंच. आजोबांची जमीन धरणात गेली ही गोष्ट खरी असेल, पण तुमच्या नावाचं प्रमाणपत्र आहे का?

नॉन-क्रिमिलेयर हा या सगळ्यांत चिवट दाखला. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना तो लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. दाखला हातात घेऊन बघा. मजकुरात खाली एक ओळ असते: अमुक साल, ३१ मार्चपर्यंत वैध. उत्पन्नाचे जितक्या वर्षांचे पुरावे दिले त्यानुसार दाखला एक, दोन किंवा तीन वर्षांचा मिळतो, पण संपतो तो ३१ मार्चलाच. आता समजा जाहिरात मार्चच्या मध्यात आली आणि अर्जाची शेवटची तारीख २० एप्रिल. तुम्ही २५ मार्चला, दाखला जिवंत असताना, अर्ज भरला. छान वाटलं. पण पडताळणीत तुमची अर्ज भरल्याची तारीख कोणी विचारत नाही. पाहतात ती अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख. त्या दिवशी तुमचा दाखला मेलेला होता. मग मुलं मे महिन्यात काढलेला नवा दाखला पुढे करतात, त्यावर तारीख शेवटच्या दिवसानंतरची, आणि गाडी तिथेच अडते. मार्च-एप्रिलच्या जाहिराती म्हणून मला सगळ्यात धोक्याच्या वाटतात. शासन कधीमधी उशिरा मिळालेल्या दाखल्यांना सवलत देतं, पण ती त्या त्या भरतीपुरती असते, तिच्यावर संसार मांडता येत नाही. तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे गोळा करून तीन वर्षांचाच दाखला मागा आणि संपण्याआधी जानेवारीतच नव्याचा अर्ज टाका. प्रांत कार्यालयात मार्चअखेर काय गर्दी असते ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही असाच आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. आणि मराठा उमेदवारांनी प्रत्येक जाहिरातीत प्रवर्ग नव्याने तपासायला हवा. २६ फेब्रुवारी २०२४ पासून राज्यात मराठा समाजाला एसईबीसीचं १० टक्के आरक्षण लागू झालं, त्यामुळे जुन्या प्रोफाईलमध्ये ईडब्ल्यूएस साठवलेलं असेल तर ते आपोआप बदलत नाही. एकदा भरलेली प्रोफाईल वर्षानुवर्षं तशीच पुढे ढकलायची सवय इथे अंगाशी येते. ज्यांच्या नोंदी सापडून कुणबी दाखला मिळालाय त्यांचा प्रवर्ग ओबीसी. घरात दोन्ही प्रकारचे कागद असतील तर अर्जात एकच रस्ता धरा आणि पडताळणीलाही तेच कागद न्या.

महिलांसाठी एक जुनी भीती अजून फिरते, की खुल्या प्रवर्गातल्या मुलीला ३० टक्के आरक्षणासाठी नॉन-क्रिमिलेयर लागतं. ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट निघाली. पण ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलींना आपापल्या प्रवर्गातल्या महिला जागेसाठी दाखला लागतोच. जुन्या व्हिडिओवर विसंबून कित्येक मुली अजून हा रकाना चुकीचा भरतात.

केंद्राच्या भरतीत, म्हणजे स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँका, राज्याचे प्रवर्ग चालत नाहीत. एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमातींचे गट), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे रकानेच तिथे नसतात. आपल्याकडच्या धनगर, वंजारी, बंजारा समाजाच्या मुलांनी तिथे ओबीसीत जायचं. बाकीच्यांनी केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते पाहूनच. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. एसईबीसी केंद्रात नाही, तिथे मराठा उमेदवाराला ईडब्ल्यूएस, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला पाच एकर शेतीची मर्यादा आहे. बागायती घरातल्या पोरांनी हे आधी बघावं.

अधिवासाबद्दल सीमाभागातल्या वाचकांसाठी एक ओळ: बेळगाव, निपाणी, कारवार पट्ट्यातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो, त्यांच्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला असतो. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा प्रश्न असतो. "महाराष्ट्राचे अधिवासी आहात का" इथे घाईने "नाही" करून बाहेर पडू नका, खालचा प्रश्न वाचा.

शिक्षण, टक्के आणि तारखा

पदवी कधी मिळाली? परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत, पदवीदान पुढच्या फेब्रुवारीत. अर्जात निकाल जाहीर झाल्याची, गुणपत्रिकेवरची तारीख टाका, आणि ती जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत असली पाहिजे. शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना कुठल्या परीक्षेला परवानगी आहे आणि कुठल्या नाही हे जाहिरातीत स्पष्ट असतं. नसेल तर नाही असंच समजा.

टक्के वर ढकलू नका. ५९.९९ म्हणजे ५९.९९. बँकांच्या जाहिरातीत तर हे उदाहरणच छापलेलं असतं की ते ६० पेक्षा कमी धरलं जाईल. ग्रेड असेल तर विद्यापीठाचं सूत्र वापरा आणि त्या सूत्राचं पत्र फाईलला लावा.

वयाची अट राज्याच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे, पोलिसात ती बरीच खाली येते. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते जाहिरात सांगते.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नवी मुलं न वाचताच भरतात, पण लग्न होऊन मुलं असलेल्यांनी थांबून वाचावं. २००५ च्या नियमाप्रमाणे २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. इथे खोटं लिहिलेलं कुठे ना कुठे रेशनकार्डावर उघडं पडतंच.

गुन्ह्याचा रकाना

"आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?" या ओळीवर पोलीस भरतीतली पोरं घाम पुसतात. गावच्या जत्रेतली मारामारी, आंदोलनातला रस्ता रोको, कधी नुसती अदखलपात्र नोंद. कोणीतरी सल्ला देतो, "नाही टाक, कोण बघतंय." चारित्र्य पडताळणीत पोलीसच बघतात, आणि त्यांच्याकडे तो कागद असतोच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याची बरीच उकल केली आहे. विचारलेली माहिती खरी द्यायची. ती लपवली तर नोकरी लागल्यावरही जाऊ शकते. गुन्हा किरकोळ स्वरूपाचा असेल तर नेमणूक देणारा तो सोडूनही देऊ शकतो, पण खरं सांगितलं म्हणजे नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क तयार होत नाही. म्हणून खरं लिहा आणि सोबत निर्दोष सुटल्याचा आदेश, खटला मागे घेतल्याचा आदेश, जे असेल त्याची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा. प्रश्न "गुन्हा दाखल झाला होता का" असा आहे की "शिक्षा झाली आहे का" असा, हे दोनदा वाचा. उत्तर त्यावर बदलतं.

फोटो आणि सही

हे क्षुल्लक वाटतं. २०१९ च्या रेल्वे ग्रुप डी भरतीत फोटो-सही अवैध म्हणून साडेचार लाखांहून जास्त अर्ज बाद झाले होते. आरडाओरड झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीची लिंक मिळाली. प्रत्येक भरती एवढी दयाळू नसते.

बँकांच्या धाटणीच्या फॉर्ममध्ये, म्हणजे आयबीपीएस या बँक भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होणाऱ्या भरत्यांतही, फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी, असं मागतात. लोक करतात काय, तर तीन एमबीचा मोबाईल फोटो कुठल्यातरी वेबसाईटवर टाकून थेट २० केबीला दाबतात आणि चेहरा चिखल होतो. क्रम उलटा हवा: आधी कडा कापा, मग लांबी-रुंदी मागितली तेवढी करा. तेवढ्याने आकार बहुतेक वेळा आपोआप मर्यादेत येतो. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने, दिवसाच्या उजेडात, मोबाईलची सावली कागदावर न पाडता. रेघांच्या वहीचा कागद नको. सही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, म्हणजे कॅपिटलमध्ये, चालत नाही. मराठीत करत असाल तर खुशाल करा, पण हॉल तिकिटावर आणि हजेरीपटावर तीच करायची. बँकेच्या अर्जात हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही उमेदवाराच्याच हातचं. "माझं अक्षर वाईट आहे, तुम्हीच लिहा" असं मला सांगणारे येतात. मी लिहीत नाही.

फोटो ताजा द्या. परीक्षेला जाताना दाढी वाढलेली आणि फोटोत गुळगुळीत, किंवा उलटं, हा प्रश्न दरवाजावरच उभा राहतो.

मोबाईल कोणाचा, ईमेल कोणाचा

हे आमच्याच धंद्यातलं पाप आहे म्हणून स्पष्ट लिहितो. बऱ्याच केंद्रांवर ओटीपीची कटकट नको म्हणून केंद्रवाला स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवतो. मग हॉल तिकीट, पडताळणीचं पत्र, त्रुटीची सूचना सगळं त्याच्या इनबॉक्समध्ये, शेकडो मुलांच्या मेलच्या ढिगात. केंद्र बंद झालं किंवा केंद्रवाला पोरगा दुसरीकडे गेला की संपलं. ईमेल तुमचा, नंबर तुमचा, पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप केलेला आणि घरी वहीत लिहिलेला. भरती दोन वर्षं चालू शकते, तोवर ते सिम रिचार्ज करत राहा. स्वस्त ऑफरसाठी नंबर बदलणारे इथे हमखास अडकतात.

पैसे कटले, फी दिसत नाही

शेवटच्या रात्री सर्व्हर रडतो आणि फोन सुरू होतात. खात्यातून रक्कम गेली, साईट म्हणते पेमेंट पेंडिंग.

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अर्ध्या तासाने लॉगिन करून फीची स्थिती पाहा. बँकेच्या मेसेजमधला यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. शेवटच्या तारखेला चार-पाच दिवस असतील तर थांबायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत परत यायला हवा, त्यापुढे उशिराला रोज १०० रुपये भरपाई आहे. पण शेवटचा दिवसच असेल आणि स्थिती "फेल" दिसत असेल तर पैशाचा मोह सोडा आणि पुन्हा भरा. तलाठी भरतीची फी खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागासवर्गीयांना ९०० होती, रक्कम छोटी नाही हे मान्य. तरी ती परत मिळायची वाट आहे. गेलेल्या शेवटच्या तारखेची नाही. चलनाने बँकेत भरायची सोय असेल तर तिची मुदत वेगळी असते, तीही बघून ठेवा.

सबमिटच्या आधी

माझ्याकडे एक पद्धत आहे, गर्दीतही सोडत नाही. अर्जाचं पूर्वदृश्य (प्रीव्ह्यू) स्क्रीनवर उघडायचं. उमेदवाराने हातात मूळ दाखला धरायचा आणि दाखल्यावरचं मोठ्याने वाचायचं, मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवायचं. "जात प्रमाणपत्र क्रमांक..." असं तो एकेक आकडा म्हणतो, मी हो म्हणतो. उलटं करायचं नाही. स्क्रीनवरचं वाचून कागदाकडे पाहिलं की डोळा बरोबर असल्याचं धरूनच चालतो. परवा एकाचा दाखल्याच्या वर्षाचा आकडा २०१८ ऐवजी २०१३ पडला होता. आठ आणि तीन, पुसट छपाई. वाचताना तोच थबकला.

पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या, शहराच्या किंवा गटाच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. शिपाई, चालक, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) ही वेगळी पदं, त्यांचे अर्ज वेगळे. पण शिपाई पदासाठी दोन जिल्ह्यांत दोन ईमेलवरून भरून बघणाऱ्यांची नावं आधारवरून एकत्र येतात आणि मग हमीपत्रं लिहीत बसावं लागतं. रेल्वेत तर एकाहून जास्त अर्ज केले की सगळेच बाद करतात.

भरून झाल्यावर दिसलेली चूक

अर्जाची मुदत अजून शिल्लक असेल तर आधी जाहिरातीत दुरुस्तीची तरतूद शोधा. स्टाफ सिलेक्शन कमिशन मुदतीनंतर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडतं: पहिल्यांदा २०० रुपये, दुसऱ्यांदा ५००. राज्याच्या भरत्यांत अशी खिडकी प्रत्येक वेळी असतेच असं नाही. तोवर घाबरून दुसरा अर्ज टाकू नका, नियम वाचल्याशिवाय तर नाहीच. मदत कक्षाला ईमेल करा, अर्ज क्रमांक आणि चूक दोन ओळींत लिहा, उत्तर येवो न येवो, पाठवल्याची प्रत ठेवा. फोनवर "काही होत नाही, पडताळणीत बघतील" असं कोणी म्हणालं तर त्याला किंमत नाही. लेखी असेल तेच चालतं.

आणि पडताळणीतच अडलात तर? कोणत्या कारणाने, ते लेखी मागा. अपात्र उमेदवारांची यादी लागते तेव्हा हरकतीला ठरावीक दिवस दिलेले असतात, बहुधा थोडेच. त्या दिवसांत कागदांसह अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. स्पेलिंगचा फरक, टाइप करताना चुकलेला आकडा, क्रम उलटलेलं नाव, अशा बाबतीत प्रतिज्ञापत्र, राजपत्र, शाळा सोडल्याचा दाखला लावून बाजू मांडायला जागा असते, आणि ती मांडलीच पाहिजे. दावाच केला नव्हता किंवा दाखला शेवटच्या तारखेनंतरचा आहे, तिथे मी कोणालाही खोटी आशा दाखवत नाही. राज्य शासनाच्या पदांसाठी पुढचा रस्ता महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, मुंबईत मुख्य पीठ, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं. तिथे जायचं ठरलंच तर नेमणुकीचे आदेश निघायच्या आधी जा, आणि जाताना जाहिरातीची मूळ पीडीएफ, अर्जाची प्रिंट, फीची पावती आणि पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची प्रत वकिलाच्या हातात द्या. जाहिरातीची पीडीएफ पहिल्याच दिवशी डाउनलोड करून ठेवलेली असावी. भरती संपली की ती साईटवरून बऱ्याचदा गायब होते.